स्वागताध्यक्षांचं भाषण : टाकरखेड्याच्या मुलखात आपलं स्वागत



वेगवान कॅमेऱ्यांनी वस्तूंचा ताण मोजणाऱ्या आपल्या मंडळींची ही परिषद अंबादेवीच्या या नगरीत, अमरावतीत, भरते आहे.

अमरावती म्हटलं की आधी आठवतं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी 1914 साली ते उभं केलं आणि 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं आपले देशी खेळ जगापुढे मांडले. मल्लखांबावर पकड बसते त्या क्षणी लाकडात काय घडतं, ते तुमच्या वेगवान कॅमेऱ्यांनी इथंच मोजावं, ही माझी विनंती.

पण आज मनात आहे ते टाकरखेडा. लॅम्बटनसाहेबांनी 1802 मध्ये मद्रासकडे सुरू केलेली भारताची त्रिकोणमितीय महामोजणी वऱ्हाडात आली, तेव्हा अचलपूर भागातलं हे गाव तिचं ठाणं झालं. ताऱ्यांचे वेध घेऊन इथले अक्षांश काढले गेले, आणि वेधाला आधार ओळंब्याचा. लॅम्बटन 1823 साली हिंगणघाटला वारले. पुढं त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट हिशेबाला बसले, तेव्हा त्यांना संशय आला की उत्तरेकडचा गाविलगडचा डोंगर, म्हणजे आपला सातपुडा, ओळंब्याला स्वतःकडे ओढतो आहे. यंत्र चांगलं, निरीक्षक दक्ष, तरी आकडा सरकलेला! 1830 च्या ग्रंथात त्यांनी या ओढीचा ऊहापोह केला. हे टाकरखेडा वऱ्हाडातल्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक असायला हवं, असं मला फार वाटतं.

मी कापसाच्या व्यापारातला माणूस. पण संयोजकांनी मला ताण मोजण्याचा प्रयोग दाखवला, तेव्हा टाकरखेड्याचीच गोष्ट आठवली. पांढऱ्या पट्टीवर काळे ठिपके फवारलेले. ठिपक्यांचा पुंजका एका चित्रातून दुसऱ्यात किती सरकला, ते पिक्सेलच्याही बारीक अंशापर्यंत काढायचं. पट्टी न ताणता नुसती कॅमेऱ्याकडे किंचित सरकवली, तर एकाच कॅमेऱ्याच्या मोजणीत ती ताणल्यासारखी दिसली! कॅमेऱ्याचा वेग वाढवला की प्रत्येक चित्राच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि दाणेदारपणा वाढतो. दिवे वाढवले की तापलेली हवा चित्र लहरवते. अकोल्याच्या मे महिन्यात डांबरी सडकेवर हीच लहर आम्ही रोज पाहतो.

म्हणूनच एक क्षमा आधी मागतो. प्रात्यक्षिकाच्या दालनातले कूलर दुपारी बंद राहतील, कारण त्यांच्या थरथरीनं कॅमेरे हलतात. उकडेल. माठातलं पाणी आणि ताक दर तासाला फिरवलं जाईल. निवासाच्या खोल्या दोन ठिकाणी विभागाव्या लागल्या, सकाळच्या गरम पाण्याची थोडी अडचण राहील. ज्येष्ठांनी कार्यकर्त्यांना हक्कानं सांगावं. जेवणात रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी आहे. तिखट सोसत नसेल त्यांच्यासाठी वेगळी पंगत ठेवली आहे.

मंडपाचा खर्च उचलणारे जिनिंग-प्रेसिंगवाले बंधू, संत्र्याच्या पेट्या पाठवणारे वरुड-मोर्शीचे बागायतदार, जनरेटर विनामूल्य देणारे व्यावसायिक, पाहुण्यांना घरी उतरवून घेणारी डॉक्टर मंडळी, नमुन्यांवर रात्र जागून ठिपके फवारणारे आपले पेंटर आणि भल्या पहाटे स्टेशनवर उभी राहिलेली मुलं-मुली, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर त्यांनी रुसू नये. त्यांच्यावाचून हा मंडप उभा राहिला नसता.

आता अध्यक्ष महोदयांनी दीपप्रज्वलन करावं, अशी मी विनंती करतो.