शेजारी आईला बसवा



मुलामुलींनो, मी काम करते त्या खोडदच्या दुर्बिणीवर बोला आणि मुलांना करिअरविषयी चार शब्द सांगा, असं मला फोनवर सांगण्यात आलं होतं. आधी दुर्बिणीचं सांगते. खोडदची दुर्बीण म्हणजे डोळा लावून बघायची नळी नव्हे. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी एकमेकींच्या जवळ उभ्या आहेत, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूरवर पसरल्या आहेत. तबकडीला पत्रा नाही, बारीक पोलादी तारांची जाळी आहे. आकाशातून येणाऱ्या ज्या रेडिओलहरी आम्ही टिपतो त्या इतक्या लांब असतात की जाळीच्या भोकांतून त्या निसटत नाहीत. वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी हलकी ठेवता आली. डॉ. गोविंद स्वरूप यांनी हे सगळं आपल्या जुन्नर तालुक्यात उभं केलं. बाकीचं तिथे येऊन बघा. बघण्यासारखं आहे, सांगण्यासारखं कमी आहे.

मघाशी आपल्या या शाळेतून फिरताना माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टींकडे गेलं. मुलींच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी आहे. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही, पण आमच्या वर्गातल्या मुली महिन्यातले काही दिवस घरीच राहायच्या आणि त्याचं कारण कुणीच कुणाला विचारत नसे. सातवीनंतर तर कितीतरी जणींची शाळाच सुटली. आज मुली एसटीचा मोफत पास दाखवून लांबच्या वाडीवरून येतात. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. आम्ही जूनमध्ये वरच्या वर्गातल्या मुलांकडून अर्ध्या किमतीत पुस्तकं घ्यायचो. गणिताच्या पुस्तकात आधीच्या मुलाने उत्तरं लिहून ठेवलेली असायची, ती आधी खोडरबराने पुसायची. गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं फाडून वडील दाभणाने शिवून द्यायचे, ती कच्ची वही. एक पान निळ्या रेघांचं, पुढचं चौकटींचं, मधेच एखादं दुरेघी.

आणि वाचायला काय होतं? मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक. आमच्या वेळी शाळेत त्याचे दोन-तीन खंड होते, काचेच्या कपाटात. बाई किल्ली घेऊन यायच्या, आम्ही हात धुऊन यायचो आणि त्या स्वतः पान उलटायच्या. आज विश्वकोशाचे सगळे वीस खंड तुमच्या घरातल्या मोबाइलवर आहेत, फुकट. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंकही तसेच बघायला मिळतात. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरताना तुम्ही थेट पाहिलंत. तुमच्या वयाची असताना यातलं काहीही मला मिळालं असतं तर मी जेवण विसरले असते.

पण मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे सगळं तुम्ही एकेकटे बघता. कानात इअरफोन, अंगावर पांघरूण आणि खोलीचं दार लोटलेलं. १९८८ साली महाभारत सुरू झालं तेव्हा आमच्या आळीत एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी त्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे. तो काळ फार चांगला होता असं मी म्हणणार नाही, कारण ज्यांच्या दारात आम्ही बसायचो त्यांच्या कपाळावरच्या आठ्याही मला आठवतात. पण एक होतं. जे मी पाहिलं ते आजीनेही पाहिलेलं असायचं आणि आठवडाभर त्यावर बोलणं व्हायचं.

असंच एकत्र बघणं त्याआधीही एकदा घडलं होतं. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला. पहाटे अंधारात शाळेच्या मैदानावर जमा, असं विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. मुलीला एकटीला अंधारात कशी पाठवायची, म्हणून आई सोबत आली. तिने शाळेचं मैदान त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. लिहिता-वाचता न येणारी माझी आई, डोक्यावरून पदर घेऊन, बाई बोट दाखवत होत्या तिकडे बघत होती. आकाशात एक पुसट, धुरकट ठिपका आणि त्याला जेमतेम शेपूट. आम्ही मुलं हिरमुसलो, कारण पेपरात चित्रं केवढी मोठी आली होती. आई मात्र म्हणाली, ‘बाई, सूर्य तर अजून उगवला नाही, मग याच्यावर उजेड कुणाचा?’

बाईंनी सगळ्या वर्गाला थांबवलं आणि हा प्रश्न आम्हाला विचारला. आमच्यापैकी कुणालाही तो सुचला नव्हता. सूर्य आपल्यासाठी क्षितिजाखाली असतो, धूमकेतूसाठी नसतो, एवढंच उत्तर. पण त्या प्रश्नाने मला या कामाकडे ओढलं. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगते, तुम्ही त्या पहाटे आईला ‘मागे उभ्या राहा’ म्हणाला असता तर मी आज इथे नसते.

तेव्हा माझं सांगणं एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार. तुम्हाला जे मिळालंय ते बघताना शेजारी आईला बसवा. चंद्रावरच्या विवराचा फोटो बघताय? आईला दाखवा. विश्वकोशात कांद्यावरचा लेख सापडला? वडिलांना वाचून दाखवा, त्यांनी आयुष्यभर कांदा लावलाय, लेखात काय राहिलंय ते तेच सांगतील. आजीला शनीची कडी दाखवा. तिने शनीला तेल वाहिलंय, त्याची कडी कधी पाहिलेली नाहीत. ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’ असं म्हणून ती उठायला लागेल. तिला उठू देऊ नका.

समोर बसलेल्या पालकांनाही सांगते. घरात एकच मोबाइल असेल तर तो आधी मुलाच्या हातात आणि त्याचं झालं की मुलीच्या, हे मी अनेक घरांत पाहते. हे बंद करा. आणि ताईंनो, पोरं काही दाखवायला आली तर भाकरी तव्यावर आहे म्हणून त्यांना परत पाठवू नका. तवा खाली उतरवा. तुम्हाला तुमच्या लहानपणी जे मिळालं नाही, ते बघायचा हक्क अजून गेलेला नाही.

मुलांनो, हॅलेचा धूमकेतू २०६१ साली परत येणार आहे. तेव्हा तुम्ही माझ्या आजच्या वयाच्या आसपास असाल. पण तेवढं थांबायची गरज नाही. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, त्या निमित्ताने खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, तबकड्या जवळून पाहता येतात. तिथे मोबाइल बंद ठेवा, कारण त्याच्या लहरींपुढे आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरी ऐकूच येत नाहीत. मुख्याध्यापक सर, शाळेच्या सहलीची गाडी कराल तेव्हा अर्ध्या जागा आयांसाठी ठेवा. प्रश्न विचारायला मला त्या हव्या आहेत.