ड्यूटीवर लघवीचा त्रास
(बंगळूर येथील सभेतील भाषण)

राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रभर धावून मिरजेकडून बंगळूरला येते. इंजिनात शौचालय बसवायला रेल्वेने सुरुवात केली 2016 साली. पुष्कळ इंजिने अजून तशीच आहेत. बीटवरच्या पोस्टमनचीही तीच गत. त्यात प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर किंवा मधुमेहाने लघवी आवरेनाशी झाली, की माणूस लाजेपोटी पाणीच तोडतो. तसे करू नका, त्रास वाढतो.

कंडोम कॅथेटर म्हणजे लिंगावर चढवायचे आवरण, त्याला नळी आणि पोटरीला बांधलेली पिशवी. पँटखाली दिसत नाही. माप मोजूनच घ्या. टोकाशी थोडी जागा सोडा. साधी चिकटपट्टी भोवती गुंडाळू नका, रक्त अडते. रोज काढा, धुऊन कोरडे करा, नवे लावा. सूज किंवा काळेपणा दिसला तर तत्काळ काढून डॉक्टर गाठा. लघवी तुंबत असेल तर मात्र याचा उपयोग नाही. आधी रेल्वे इस्पितळात किंवा सीजीएचएसमध्ये तपासून घ्या.

पिशवी अर्धी भरली की रिकामी करावी लागते, आणि त्यालाही संडास लागतोच. "कॅथेटर लावलाय ना, मग जाता कशाला?" असे साहेबाने विचारले, तर उत्तर एकट्या कामगाराने नव्हे, युनियनने द्यायचे आहे.