पट्टा वाकवून बघा

(घाटकोपरच्या एका वस्तीतल्या बैठकीत केलेलं भाषण)



मला वक्ता म्हणून बोलावलंत, पण मी रंगारी माणूस. पंधरा वर्षं मुलुंड ते अंधेरी बिल्डिंगांना बाहेरून रंग मारतोय, कधी परांचीवर, कधी झुल्यावर. तेव्हा भाषण झोडणार नाही. पिशवीतून हा पट्टा आणलाय, तो पुढच्या रांगेपासून फिरवा. साईटवर आम्ही ह्याला बेल्ट म्हणतो. नुसता बघू नका, हातात घ्या.

दरवर्षी दहीहंडीला ह्याच घाटकोपरात वरच्या थरावरच्या पोराला दोर बांधला की नाही, ह्यावर अख्खी मुंबई बोलते. बोललंच पाहिजे. २०१४ साली हायकोर्टाने थर २० फुटांवर आणले, २०१७ साली ती मर्यादा उठली, दोन्ही वेळा पेपर भरून गेले. पण दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावरून जो विसाव्या मजल्यावर चढतो, त्याच्या पट्ट्याचं कोण बोलतं? आणि चढतो कोण, हे मी ह्या वस्तीत सांगायला नको.

कायदा नाही असं नाही. १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला, २०२० च्या संहितेने तो पोटात घेतला. मालक पट्टा देतो की! देतो आणि रजिस्टरवर सही घेतो. मेख इथंच आहे. सही झाली की पट्टा धड आहे का सडका, हा प्रश्न कागदापुरता मिटला. सडका पट्टा नसल्यापेक्षा वाईट. पट्टा नसला तर माणूस भिंत धरून जपून सरकतो. असला की बिनधास्त ओणवा होतो.

आता हातातला बघा. पट्टी दोन्ही हातांनी धरून कमानीसारखी वाकवा. सरळ पट्टीत लपलेला काप वाकवल्यावर तोंड उघडतो. असं वीत-वीत सरकत सगळी पट्टी, मग शिवण. टाका तुटला, बाद. रंगाने कडक झालेली, ठिणगीने वितळलेली, उन्हात विटलेली, सगळी संशयाची. ओल्या सिमेंटचा खार पॉलिएस्टरला खातो, हे मला दहा वर्षांनी कळलं. आम्ही बेल्ट सिमेंटच्या गोणीवर फेकून जेवायला जायचो! कडी वाकडी-गंजकी नको. हूक उघडून सोडा, आपोआप खटकन मिटला पाहिजे. लेबलवर आय.एस. ३५२१ आणि तारीख वाचता आली पाहिजे. दोरीला झटका खाणारं जाड पुडकं असतं, ते उसवलेलं दिसलं तर समजा, त्यावर आधीच कुणीतरी पडलंय. पडलेला बेल्ट पुन्हा वापरायचा नाही, कितीही नवा दिसो. आणि नुसता कमरेचा पट्टा तर घेऊच नका. सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो. मांड्या, छाती, खांदे धरणाराच पाहिजे. हूक डोक्याच्या वर, वेगळ्या दोराला. झुल्याला अडकवलात तर झुल्याबरोबर तुम्हीही खाली.

आता जे सांगायला आलो ते. पाच वर्षांपूर्वी बोरिवलीच्या एका साईटवर मला मिळालेल्या बेल्टची मांडीवरची शिवण उसवलेली मी पाहिली. मी शहाणा. मुकाट्याने तो ढिगात टाकला, दुसरा उचलला. बोललो नाही. आठवड्याचा पगार व्हायचा होता. दुपारी नाक्यावरून एक नवं पोरगं आणलं. त्याला तोच बेल्ट. त्याने अंगठा दिला. संध्याकाळी पाय घसरला, पट्टी सुटली, खालच्या छज्जावर आपटला. जगला, पण कंबर मोडली. ठेकेदाराने रजिस्टर काढून दाखवलं, बेल्ट दिला होता. खोटं नव्हतं ते. आणि तो खराब आहे हे माहीत असलेला साईटवर एकटा मीच होतो.

तेव्हापासून मी खराब बेल्ट ढिगात टाकत नाही, कापतो. एकट्याने कापला तर हजेरीही कापली जाते, माझी दोनदा गेली. म्हणून आता मुलुंडला आम्ही अकराजण सकाळी चढायच्या आधी एकमेकांचे बेल्ट उलटून बघतो आणि बाद झालेल्याचा नंबर त्याच रजिस्टरात सहीशेजारी लिहितो. पहिल्या आठवड्यात चार निघाले. अकराजण खाली बसल्यावर नवे आले, दुपारपर्यंत.

फिरला का पट्टा? काय म्हणता ताई? डाव्या खांद्याच्या कडीखाली. बरोबर. आता कात्री द्या इकडे.