राज्याची तिजोरी आणि डोंगरावरचें गांव

सातपुड्याच्या रांगेंत, समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंचीवर, तोरणमाळ हें गांव वसलें आहे. घाटाचीं वळणें संपलीं कीं यशवंत तलावाचें पाणी दृष्टीस पडतें. महाशिवरात्रीस गोरक्षनाथाच्या यात्रेकरितां दूरदूरचे लोक येथें जमतात. हवापालटासाठीं आलेला शहरवासी हें सौंदर्य पाहून तृप्त होतो आणि परत जातो. परंतु राज्यकारभाराचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास हेंच गांव निराळा प्रश्न घालतें. पावरा व भिल्ल समाजांच्या वस्त्या येथें डोंगरउतारांवर पाड्यापाड्यांनीं विखुरल्या आहेत. या पाड्यांच्या रस्त्यावर, शाळेवर, दवाखान्यावर किती पैसा खर्चावयाचा, हें कोणीं ठरवावयाचें, आणि कोणत्या मापानें?

प्रश्न दिसावयास रुक्ष आहे. तरी एका मराठी विद्यार्थ्यानें आपल्या उमेदीचीं वर्षें याच स्वरूपाच्या प्रश्नास वाहिलीं.

भीमराव आंबेडकर हे जुलै १९१३ मध्यें न्यूयॉर्कला पोंचले, तेव्हां त्यांचें वय बावीस वर्षांचें होतें. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं तीन वर्षांकरितां दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति हाच काय तो आधार. त्यांतूनच घरींहि पैसे पाठवावयाचे. आज ज्यास सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम म्हणतात, त्याची सामग्री कोलंबिया विद्यापीठांत त्यांस अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा निरनिराळ्या वर्गांतून गोळा करावी लागली. सार्वजनिक आयव्ययाचे नाणावलेले अध्यापक सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक होते. १९१५ मध्यें ते एम्. ए. झाले आणि १९१६ मध्यें लंडनला गेले.

पुढील मार्ग मात्र सरळ नव्हता. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्यें लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परतावें लागलें. महायुद्ध चालू होतें. ज्या बोटीवर त्यांचीं पुस्तकें होतीं, ती शत्रूच्या माऱ्यानें बुडाली. तथापि त्यांनीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अध्यापन करून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें व एका मित्राचें साहाय्य घेतलें आणि १९२० मध्यें पुन्हां लंडन गांठलें. १९२३ मध्यें रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. ही पदवी मिळाली. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक आयव्ययाच्या विकासावरील कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. त्यास प्रस्तावना सेलिग्मन यांची, आणि अर्पण सयाजीराव महाराजांस.

या ग्रंथाचा विषय थोडक्यांत असा. १८३३ च्या कायद्यानें सर्व तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या हातीं गेली. खर्च करावयाचा प्रांतांनीं आणि पैसा द्यावयाचा वरिष्ठांनीं, अशी व्यवस्था झाली. काटकसर करणाऱ्यास तिचें फळ नाहीं. अधिक मागणाऱ्याची मात्र सोय, असा तिचा परिणाम झाला. १८७० मध्यें लॉर्ड मेयो यांनीं तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यक, रस्ते इत्यादि खातीं ठराविक रकमेसह प्रांतांकडे सोंपविलीं. परंतु ती रक्कम पूर्वीच्या खर्चावरून ठरली होती. म्हणजे ज्याच्या वांट्यास आधीं थोडें आलें, त्याच्या वांट्यास पुढेंहि थोडेंच. एकदां पडलेलें माप स्वतःस न्याय्य समजूं लागतें, हा धडा या इतिहासांतून निघतो.

हाच धडा तोरणमाळास लावून पाहावा. १९९८ मध्यें धुळें जिल्ह्यांतून निराळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत, २०११ च्या जनगणनेप्रमाणें, शंभरांतील सुमारें ६९ माणसें अनुसूचित जमातींचीं होतीं. ज्या अक्राणी तालुक्यांत तोरणमाळ येतें, तो अनुसूचित क्षेत्रांत मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्यानें अशा क्षेत्रांतील ग्रामसभांस अधिकार दिले, आणि २०१५ पासून महाराष्ट्रानें आदिवासी उपयोजनेच्या निधीचा पांच टक्के भाग तेथील ग्रामपंचायतींस थेट देण्याचें ठरविलें. १८३३ च्या व्यवस्थेपासून हें अंतर फार मोठें आहे, यांत संशय नाहीं.

परंतु निधि डोक्यांवरून वांटला जातो, आणि डोंगर डोकीं मोजून रचलेला नसतो. सपाटीवरील हजार माणसांस एक शाळा व एक दवाखाना पुरतो; तितकींच माणसें दहा पाड्यांत विखुरलीं असतां तोच पैसा चढउतारांत आणि पावसाळ्यानें खचलेल्या वाटेंत संपून जातो. समान वांटणी ही येथें न्याय्य वांटणी ठरत नाहीं. शिवाय ग्रामसभेस अधिकार मिळाला, तरी हिशेबाची वही वाचतां येणारा माणूस पाड्यांत नसेल, तर तो अधिकार कागदावरच राहतो.

म्हणून या विषयाची पदवी घेणाऱ्या तरुणापुढें खरी परीक्षा विद्यापीठाबाहेर आहे. आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेंतून जी गोष्ट घ्यावयाची, ती केवळ कष्टांची कथा नव्हे. उपेक्षितांचें दुःख जाणणाऱ्या त्या तरुणानें करुणेच्या शब्दांवर न थांबतां सरकारच्या जमाखर्चाचे आंकडे तपासले, कारण कोणाकडे दुर्लक्ष झालें हें भाषणांपेक्षां त्या आंकड्यांतच अधिक स्पष्ट दिसतें. सातपुड्यांतील एखादी मुलगी उद्यां हेंच शास्त्र शिकून परतली आणि ग्रामसभेंत बसून तिनें ती वही मोठ्यानें वाचून दाखविली, तर त्या अभ्यासाचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.