गॅमा किरणांचे स्फोट आणि अ‍ॅस्ट्रोसॅटची नोंदवही



किला गेटपासून गडाची चढण धरली, गूजरी महाल मागे टाकला आणि गणेश दरवाजा ओलांडला, की लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ लागते. ग्वाल्हेरकरांच्या कितीतरी पिढ्या त्याच्यासमोरून गेल्या. आत डोकावणारे त्यांत थोडेच असतील. तेथील विक्रम संवत ९३३ च्या, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचे माप नोंदले आहे. लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. शिवाय देवाला रोज ५० माळा मिळाव्यात अशी तजवीज. या २७० आणि ५० मधील शून्य आज आपण लिहितो तसेच, लहानशा वर्तुळासारखे कोरलेले आहे. जगातील सर्वांत जुने शून्य ते हेच, असे पाहुण्यांना सांगण्याची येथे चाल आहे. ते तितकेसे खरे नव्हे. कंबोडियात इसवी सन ६८३ मधील लेखात शून्याचे चिन्ह आढळले आहे. परंतु त्यामुळे अभिमानाला बाध येण्याचे कारण नाही.

त्या शून्याचा आजच्या विषयाशी संबंध आहे तो असा. २७० मधील शून्य म्हणजे रिकामी सोडलेली जागा नव्हे. एकमस्थानी पाहिले आणि तेथे काही नाही, अशी ती सही आहे. न पाहिलेली जागा आणि पाहून रिकामी आढळलेली जागा यांतील हा भेद खगोलशास्त्रात किती निर्णायक ठरू शकतो, हे अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या एका कामगिरीवरून ध्यानात येते.

गॅमा किरणांच्या स्फोटांचा शोध खगोलशास्त्रज्ञांनी मुद्दाम लावलेला नाही. १९६३ च्या करारानंतर कोणी चोरून अणुस्फोट करीत नाही ना, यावर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांच्यावर गॅमा किरणांचा एक झोत नोंदला गेला आणि तो कोणत्याही बाँबसारखा नव्हता. असे अनेक झोत जमल्यावर १९७३ मध्ये ही वार्ता प्रसिद्ध झाली. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे हे स्फोट आपल्या आकाशगंगेतील की तिच्या पलीकडचे, यावरच वाद चालला. १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने २,७०० हून अधिक स्फोट टिपले. ते आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटलेले नसून साऱ्या आकाशात सारखे विखुरलेले निघाले. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटामागून त्याच जागी हळूहळू विझत जाणारी दीप्ती सापडली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातील दुसऱ्या एका स्फोटाचे अंतर मोजता आले. ते अब्जावधी प्रकाशवर्षांचे होते. आज असे मानले जाते की दोन सेकंदांहून अधिक टिकणारे स्फोट बहुधा महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळताना होतात, तर त्याहून अल्पजीवी स्फोट बहुधा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना. ही दोन सेकंदांची रेघ काही कुळंबिणीच्या उखाण्यासारखी पाठ करण्याची बाब नव्हे. अपवाद सापडत असतात.

हे किरण पृथ्वीच्या वातावरणातून खाली येत नाहीत, म्हणून उपकरण वर न्यावे लागते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही अग्निबाणाने अ‍ॅस्ट्रोसॅट सुमारे ६५० किलोमीटर उंचीच्या, विषुववृत्ताला लगटून जाणाऱ्या कक्षेत ठेवला. त्यावरील उपकरणांपैकी एकाचे नाव आहे कॅडमियम-झिंक-टेल्युराइड प्रतिमक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने, ए. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली आणि देशातील अनेक संस्थांच्या सहकार्याने ते सिद्ध झाले. त्याच्याकडून येणाऱ्या माहितीची व्यवस्था पाहणारे केंद्र पुण्याच्या आयुकात, म्हणजे जयंत नारळीकरांनी उभारलेल्या संस्थेत आहे. पुढे दीपंकर भट्टाचार्य यांनी या उपकरणाची धुरा वाहिली.

दुर्बीण म्हटले की भिंग किंवा आरसा डोळ्यांपुढे येतो. या उपकरणात दोन्ही नाहीत, कारण इतक्या ऊर्जेचे किरण साध्या आरशावरून परावर्तित होत नाहीत, ते आरपार जातात. त्याऐवजी वर टँटलम धातूचा, विशिष्ट नक्षीने छिद्रे पाडलेला पत्रा आणि खाली १६,३८४ सूक्ष्म कप्प्यांचा शोधक अशी रचना आहे. प्रत्येक कप्पा सुमारे अडीच मिलिमीटरचा. जाळीच्या खिडकीची सावली भिंतीवर कशी पडली यावरून सूर्य कोठे आहे हे सांगावे, तसे पत्र्याच्या सावलीवरून स्रोताची दिशा काढायची. एखाद्या कप्प्यावर एक फोटॉन आदळला की त्याची वेळ सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाते. सोबत कप्प्याचा क्रमांक आणि ऊर्जाही.

ही योजना समोरच्या लहानशा क्षेत्राकडे पाहण्यासाठी केलेली. पण एक गोष्ट रचनाकारांनी आधीच ताडलेली होती. शंभर हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर भोवतालच्या भिंती किरणांना अडवू शकत नाहीत. त्यामुळे अधिक ऊर्जेचे किरण कोणत्याही बाजूने आत शिरतात आणि समोर पाहणारी दुर्बीण सर्व बाजूंचा कानोसा घेणारी पहारेकरीण बनते. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी उपकरण सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी पाहण्याच्या दिशेपासून साठ अंशांहून अधिक बाजूला झालेला एक स्फोट त्याने टिपला. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ही गणती ६०० वर गेली.

मात्र टिपणे म्हणजे झगमगाट दिसणे नव्हे. शोधकावर सदैव कणांचा मारा चालू असतो. त्यात आकाशातील विखुरलेले प्रारण आहे, विश्वकिरण उपग्रहाच्या धातूवर आपटून उडणाऱ्या कणांचे थवे आहेत, आणि काही खोडकर कप्पे तर काहीही न आदळता बडबडत राहतात. ग्वाल्हेर घराण्याच्या गावात असे म्हणता येईल की तंबोरा अखंड चालू आहे आणि तोही पुरता लागलेला नाही. त्यात एखादा स्वर क्षणभर चढला काय, हे ओळखायचे. अभ्यासक म्हणून प्रथम थवे वेचून बाजूला काढतात, बडबडे कप्पे बाद करतात, आणि मग सेकंदागणिक उरलेल्या फोटॉनांचा आलेख मांडतात. शोधकाचे चार स्वतंत्र भाग आहेत. एकाच भागात उसळी आली तर ती बहुतेक उपकरणाचीच खोड. चारही भागांत एकाच क्षणी आली तर आकाशाकडे पाहायचे. दक्षिण अटलांटिक महासागरावरील भारित कणांच्या दाट पट्ट्यातून उपग्रह जातो तेव्हा शोधक बंद ठेवावा लागतो. त्या मिनिटांपुढे शून्य लिहायचे नसते. ती जागा कोरी ठेवायची असते. चतुर्भुजाच्या लेखनिकाला हा भेद समजावून सांगावा लागला नसता.

आता जानेवारी २०१७ ची हकिकत. ४ जानेवारीला भारतीय वेळेप्रमाणे दुपारी ३ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहरींचा एक संकेत टिपला. सूर्याच्या अनुक्रमे सुमारे ३१ आणि १९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे सुमारे तीन अब्ज प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळली होती. लहरींवरून दिशा मात्र ढोबळच कळते. शोधायचे क्षेत्र हजाराहून अधिक चौरस अंशांचे होते. पूर्ण चंद्र जेमतेम पाव चौरस अंशही व्यापत नाही. सुमारे २३ तासांनी हवाई बेटांवरील अ‍ॅटलास दुर्बिणीला त्याच क्षेत्रात झपाट्याने मंदावणारा एक ठिपका दिसला. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या, आणि वळणे स्वाभाविकच होते. कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून प्रकाश निघण्याची अपेक्षा नसते. हा ठिपका खरोखर त्या घटनेचा असता तर कृष्णविवरांविषयीची समजूत मुळापासून तपासावी लागली असती.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील वरुण भालेराव आणि अ‍ॅस्ट्रोसॅटचे सहकारी यांनी आपली नोंदवही उघडली. लहरींच्या क्षणी उपकरण संशयित क्षेत्राचा निम्मा भाग, नेमके बोलायचे तर ५०.३ टक्के, पाहत होते. त्या भागात गॅमा किरणांची उसळी नव्हती, आणि असती तर ती किती दुबळी असावी याची मर्यादाही त्यांनी आकड्यात मांडली. नोंदी पुढे चाळता चाळता दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेबाराच्या सुमारास, म्हणजे लहरींनंतर सुमारे वीस तासांनी, एक स्फोट सापडला. इतर अवकाशयानांवरही तो नोंदला गेला होता. अशा वेळी निरनिराळ्या यानांवर किरण पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून दिशा काढता येते. ती ठिपक्याच्या जागेशी जुळत होती. ठिपका ज्या गतीने विझत होता ती गती उलटी मोजत नेली, तर त्याचा जन्मक्षण लहरींपाशी नव्हे, या स्फोटाच्या आसपास येत होता. मानसी कासलीवाल यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय दुर्बिणींच्या जाळ्याने प्रकाशीय आणि रेडिओ वेध जोडून दिले. (त्या मूळच्या आपल्या शेजारच्या इंदूरच्या.) निष्कर्ष असा, की ठिपका म्हणजे दीर्घ प्रकारच्या एका गॅमा किरण स्फोटाची मागे उरलेली दीप्ती होती. कृष्णविवरांशी त्याचे नाते एवढेच, की आकाशाच्या पटावर दोघे योगायोगाने एकाच दिशेला होते.

वृत्तपत्रांना ही बातमी फिकी वाटली असावी, कारण एका मोठ्या शोधाची शक्यता तिने मोडीत काढली. खगोलशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती लाखमोलाची होती. चुकीची सोयरीक जुळली असती तर ती मोडायला पुढे वर्षे लागली असती.

स्फोट सापडला म्हणजे विश्लेषण संपले असेही नाही. एका कप्प्यावर आदळलेला फोटॉन कधीकधी विखरून शेजारच्या आठ कप्प्यांपैकी एखाद्यात शोषला जातो. अशा जोड्या कोणत्या दिशेने अधिक पडतात हे मोजले की किरणांचे ध्रुवण कळते, आणि ध्रुवणावरून स्फोटातील चुंबकीय क्षेत्राची रचना. हे मोजमाप जगात फार थोड्या उपकरणांना साधले आहे. २१ ऑगस्ट २०१६ च्या एका तेजस्वी स्फोटात ध्रुवणाची दिशा स्फोट चालू असतानाच दोनदा पालटल्याचे आढळले. तथापि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांतील वीस स्फोटांच्या अभ्यासात बहुतेकांचे एकूण ध्रुवण अल्पच निघाले. आतील यंत्रणा नेमकी कोणती, हा वाद त्यामुळे मिटलेला नाही.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे विलीनीकरण लहरींत आणि गॅमा किरणांत एकत्र टिपले गेले. या विद्येतील तो सोन्याचा दिवस. अमेरिकेच्या फर्मी उपग्रहाला स्फोट दिसला, अ‍ॅस्ट्रोसॅटला दिसला नाही. उपकरण चालू होते, आलेखात काही नव्हते. याचा अर्थ स्रोत त्या क्षणी उपग्रहाच्या दृष्टीने पृथ्वीच्या आड असला पाहिजे. हाच नकार वापरून शोधायचे क्षेत्र आणखी आखडता आले. इतक्या कमी उंचीवरून पाहताना पृथ्वी आकाशाचा जवळजवळ तीस टक्के भाग झाकून टाकते, ही एकट्या उपग्रहाची अडचण कोणत्याही कौशल्याने दूर होणारी नाही. म्हणून भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘दक्ष’ या नावाने मांडलेल्या प्रस्तावात एक नव्हे तर दोन उपग्रह आहेत, पृथ्वीच्या परस्परविरुद्ध बाजूंना फिरणारे. एकाच्या आड पृथ्वी आली, तर तो भाग दुसऱ्याच्या नजरेत असेल.