अंगणातला कठडा

(लातूर येथे मंडळीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



किनवट तालुक्यातील आपल्या वसतिगृहाविषयी बोलायला मला सांगितले आहे. तिथे गोंड, कोलाम आणि आंध समाजाची मुले शिकतात. पण आज मी निकालाविषयी नव्हे, अंगणातल्या एका प्लगविषयी बोलणार आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका कुटुंबाने प्रेमाने पत्र्याचा जुना कूलर दिला. आम्ही तो ओसरीवर ठेवला, देवाचे आभार मानले आणि खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून सुरू केला. दोन दिवसांनी चौथीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, कूलरला हात लागला की मुंग्या येतात." मी म्हणाले, "मग लांब राहा." एवढेच. त्याच संध्याकाळी ती ओल्या पायांनी तिथून जाताना तिचा हात कूलरला चिकटला. स्वयंपाकाच्या मावशींनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून ती वाचली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिने मला आधी सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी वायरमन दादा आले. कूलरचा प्लग दोन पिनांचा होता, म्हणजे अर्थिंग नव्हतेच. मी विचारले, "बोर्डात एमसीबी आहे, ती का पडली नाही?" ते म्हणाले, "ताई, एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही." 16 अँपिअरची एमसीबी जादा भार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावर पडते. ओल्या माणसातून 230 व्होल्टला साधारण पाव अँपिअर प्रवाह जातो. तो जीव घ्यायला पुरेसा आहे, पण एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यासाठी आरसीसीबी लागते. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का, हे ती सतत मोजते. 30 मिलिअँपिअरची फूट पडली, म्हणजे वीज कुणाच्या अंगातून जमिनीत चालली, की ती तीन दशांश सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले, तर तिला कळत नाही. शिवाय अर्थिंगही हवेच. आपल्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत राहावे लागते.

आता ओसरीवरचे आणि अंगणातले प्लग आरसीसीबीवर आहेत. वायर पाइपातून नेली आहे. सॉकेट मुलांच्या हाताबाहेर, पाऊस न शिरणाऱ्या झाकणाच्या पेटीत आहे. एक्स्टेन्शन बोर्ड बंद झाला. सुरुवातीला आरसीसीबी वारंवार पडायची. "काढून टाका," असेही कुणी सुचवले. शोधल्यावर मोटारीच्या वायरीत गळती सापडली. ती उगाच पडत नव्हती, खरे सांगत होती.

अनुवाद 22:8 मध्ये नवे घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा करायला सांगितले आहे, नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. माळवदावर झोपलेल्या आपल्या आजीआजोबांना हे समजावून सांगावे लागले नसते. आपल्या काळात कठडा विटांचा असेलच असे नाही.

म्हणून माझी विनंती. वसतिगृहाला कूलर, मोटार किंवा इस्त्री देताना तीन पिनांचा प्लग आणि आतली अर्थिंगची वायर तपासून द्या. कूलर देणारे पुष्कळ भेटतात, आरसीसीबी देणारा अजून भेटला नाही. आणि आज घरी गेल्यावर आपल्या बोर्डावर "टी" लिहिलेले बटण आहे का, ते पाहा. असेल तर दाबा. आरसीसीबी पडली नाही, तर उद्याच वायरमनला बोलवा. दर महिन्याला हे करा.

आणि एखादे लेकरू "मुंग्या येतात" म्हणाले, तर त्याला लांब राहा म्हणून थांबू नका. आधी उठा, मेन स्विच बंद करा.