शाळा घरात आली, तेव्हा

(मुर्धा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाईंदरपासून उत्तनपर्यंतच्या या पट्ट्यात आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आला आहे. चर्च आणि त्याच्या छायेत शाळा हे दृश्य या किनाऱ्याला नवे नाही. त्या शाळांत केवळ ख्रिस्ती मुले जात नाहीत. रिक्षाचालकाची, मासे विकणाऱ्या बाईची, कारखान्यातील कामगाराची मुलेही जातात. कारण आपले मूल आपल्यापेक्षा वरच्या पायरीवर उभे राहावे, ही आकांक्षा धर्म पाहत नाही. म्हणूनच या शाळांनी कुटुंबांशी कसे वागावे हा प्रश्न एखाद्या धर्मसंस्थेचा अंतर्गत प्रश्न राहत नाही. तो आपलाही प्रश्न आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शहरी भागातील लहान मुलांचे वर्ग सुरळीत व्हायला २०२२ साल उजाडले. या काळात शिक्षण चालूच होते, असे सांगितले गेले. कोणाचे चालू होते? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ सालच्या फेरीनुसार शहरांतील ४२ टक्के आणि खेड्यांतील अवघ्या १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. संगणक तर शहरांत २३.४ टक्के आणि खेड्यांत ४.४ टक्के घरांत होता. पुढे स्मार्टफोन वाढले, हे खरे. परंतु एका खोलीच्या घरात एक फोन, तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, आणि मुले तीन, ही स्थिती कोणत्याही सरासरीत दिसत नाही. शाळेची इमारत बंद झाली, तेव्हा तिचा भार घरावर पडला आणि घरात तो बहुतांशी आईवर पडला. जिला स्वतःला इंग्रजी येत नाही, अशा आईला इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बिनपगारी शिक्षिका व्हावे लागले.

याच काळात रोजगार बुडाले आणि फीची मागणी मात्र थांबली नाही. ३ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील खासगी शाळांच्या प्रकरणात फीमध्ये १५ टक्के सवलत देण्यास सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनानेही तसा आदेश काढला. पंधरा टक्क्यांच्या सवलतीने ज्याची नोकरीच गेली, त्याचे काय भागणार? तिथे कायदा संपतो आणि संस्थेची नीती सुरू होते. अल्पसंख्याकांच्या शाळांच्या बाबतीत हे अधिकच लागू आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर राहिले नाही. अल्पसंख्याकांचा आपली संस्था चालवण्याचा हक्क आपण मानतो आणि त्याचे रक्षणही करू. परंतु कायद्याने मोकळे ठेवलेल्या संस्थेने स्वतःच्या धर्मवचनाला तरी बांधून घ्यावे, एवढे म्हणण्याचा अधिकार शेजाऱ्याला आहेच.

कॅथलिक परंपरेतच याचा एक मोठा धडा आहे. कोलंबिया देशाच्या डोंगराळ भागातील सुतातेन्सा या खेड्यात १९४७ साली होसे होआकीन साल्सेदो या तरुण धर्मगुरूने एक छोटे रेडिओ केंद्र सुरू केले. शेतकरी शाळेपर्यंत येऊ शकत नव्हता, म्हणून शाळा त्याच्या झोपडीत पाठवण्याचा तो प्रयत्न होता. त्यातून रेडिओ-शाळांची देशव्यापी चळवळ उभी राहिली. पण तिचे मर्म यंत्रात नव्हते. प्रत्येक गटात थोडेफार लिहिता-वाचता येणारा, घरातला किंवा शेजारचाच एक साहाय्यक असे. रेडिओवरचा आवाज अक्षर सांगे आणि हा साहाय्यक ते फळ्यावर गिरवून दाखवी, चुकलेल्याचा हात धरी, न आलेल्याला घरी जाऊन बोलावून आणी. जोडीला पुस्तिका होत्या आणि शेतकऱ्यांसाठी एक वृत्तपत्रही होते. साक्षरतेने जमीन मिळत नाही, ही मर्यादा त्या प्रयोगालाही होती. १९८९ साली ते केंद्र विकलेही गेले. तथापि दूरशिक्षणाला जवळचा माणूस लागतो, हे त्याने सिद्ध केले.

हे आपल्याकडेही घडले. २०२० साली पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात, जिथे फोनला धड रेंजही मिळत नव्हती, तिथे 'बोलकी शाळा' या उपक्रमाने ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले. कार्यकर्ते ध्वनिक्षेपक पाड्यांत नेत आणि मुले अंतर राखून बसत. साधन साधे होते, माणूस मात्र हजर होता.

म्हणून शाळा मिशनची असो, महापालिकेची असो वा ट्रस्टची, तिची परीक्षा एकाच प्रश्नाने घ्यावी: मूल दिसेनासे झाले तेव्हा त्याच्या दारी कोण गेले? काही शाळांतील शिक्षकांनी छापील प्रश्नपत्रिका घरोघर दिल्या, जुने फोन गोळा केले, संध्याकाळी बाप घरी आल्यावर तास घेतले, धान्य पोचवले. अशा शिक्षकांपुढे आपण नम्र झाले पाहिजे. काही संस्थांनी मात्र दुवा पाठवला, फीची आठवण पाठवली आणि शिक्षण दिले असे मानले. हा फरक पैशाचा नव्हता. कुटुंब ग्राहक आहे की शिक्षणातील भागीदार, याविषयीच्या दृष्टीचा तो फरक होता.

परंतु चांगल्या शिक्षकाच्या दयेवर मुलांचे भवितव्य सोपवणे हा समाजवाद नव्हे. धर्मादाय संस्था आपले कर्तव्य करते, तेव्हा शासनाचे कर्तव्य कमी होत नाही. महापालिकेच्या शाळेत पुरेसे शिक्षक, वस्तीत वाचनालय आणि प्रत्येक मुलाला हक्काने मिळणारे साधन, या मागण्या साथ ओसरल्यावर फायलीत जाता कामा नयेत. जे मूल २०२० साली पहिलीत होते, ते आज माध्यमिक शाळेत आहे. त्याचा पाया कच्चा राहिला असेल, तर त्याची खूण आपोआप पुसली जाणार नाही. पुढे नापास होऊन ते शाळा सोडील आणि आपण त्याला 'अभ्यासात लक्ष नव्हते' म्हणून मोकळे होऊ.

तेव्हा सभा आणि निवेदने यांबरोबर एक काम आपण अंगावर घेतले पाहिजे. मुर्धा, राई, मोर्वा येथे संध्याकाळच्या अभ्यासिका चालवाव्यात. चर्चचे सभागृह मागावे, देवळाचा ओटा मागावा, पालिकेच्या शाळेची खोली मागावी. मागताना धर्म पाहू नये आणि देणाऱ्यानेही पाहू नये. प्रत्येक कार्यकर्त्याने पाच मुलांची नावे स्वतःच्या वहीत लिहावीत आणि त्यांतले एक जरी आठवडाभर आले नाही, तरी त्याच्या घरी जावे.